बटण कोणी दाबलं?

अनोळखी माणूस आला की शिवप्पाअण्णा आधी त्याच्या बुटांकडे बघत, तोंडाकडे नंतर. बूट पॉलिश केलेले असले की माणूस कंपनीचा, हा त्यांचा निकाल. मग त्याला चहा मिळे, पण कॉम्प्युटर दिसत नसे.

हुमनाबादच्या बसस्टँडमागे अण्णांचा कॉम्प्युटर क्लास होता. कॉलेज संपवून मी तिथे शिकवायला लागले. हैदराबादच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून अण्णांनी चार जुनी मशिनं आणली होती, आतल्या जुन्या सिस्टीमसकट. पुढे सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीनं कळवलं, मशीन तुमचं, पण सिस्टीमचा परवाना जुन्या मालकाचा. तो विकत घेता येत नाही.

"म्हैस माझी आन् रवंथ त्यांचा, व्हय?" अण्णा ज्याला त्याला विचारत.

ती सिस्टीम सारखी कोलमडे. पुन्हा टाकताना पडद्यावर इंग्रजीत अटी येत आणि खाली 'मान्य आहे' म्हणायचं बटण. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून अटी मी मोठ्यानं वाचायच्या, अण्णांनी डोळे मिटून ऐकायच्या. बटण आलं की ते ओरडत, "सरका! हात लावू नगा त्याला." पोरांना बाहेर काढत, मलाही. दार आतून बंद.

"अण्णा कायतरी लपवायलेत," पोरं म्हणत. मलाही तसंच वाटे. आमच्यावर एवढा अविश्वास का, हे विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

एका दुपारी चकचकीत बूट आलेच. चहाला न थांबता त्यांनी मशीन चालू केलं आणि माझ्याकडे वळले. "ये सिस्टीम किसने डाला, मॅडम?"

अण्णा मध्ये येऊन उभे राहिले.

"उनको कायकू पूछते, साब? हर बार मैं डाला. बटन मैंच दबाया. बच्चे बाहर, ये अक्का बी बाहर. पूछो किसीको बी."

"व्हय की!" पोरं दारातून तक्रारीच्या सुरात ओरडली. "आम्हाला बाहेरच काढत्यात!"

साहेबांनी अण्णांचं नाव लिहून घेतलं, एकट्यांचंच. केस होईल म्हणाले आणि गेले.

अण्णांनी खुर्ची जवळ ओढून हळू विचारलं, "अक्का, नुसतं वाचलेल्याला केसबिस काय लागत न्हाई न्हवं?"

"थांबा, अटींत बघते." मी मशीनकडे वळले.

अण्णांनी उठून झटकन मेन स्विच बंद केला.

"नगं," ते म्हणाले. "तू आता वाचू नगंस."