पाठमोरे पष्टे डॉक्टर

पष्टे डॉक्टरांना माणसाचं नाव लक्षात राहत नाही, गुडघा राहतो. बाजारात कुणी नमस्कार केला की हे त्याच्या तोंडाकडे बघतच नाहीत. खाली बघतात, त्याला दोन पावलं चालू देतात आणि मग ओळख पटते. "अरे, तू डावा ना? आता बरा वाकतोस." एका लग्नात तर नवऱ्या मुलाच्या मामाला 'कंबर, ओ कंबर' अशा हाका मारत ते मांडवभर फिरले. मामा ओ देत होते, हे विशेष.

मुरबाडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर पष्ट्यांचा दवाखाना होता. शहापूरहून रोज यायचे. बोर्डावर 'फिजिओथेरपी' लिहिलेलं, पण तो शब्द उच्चारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. लोक मला विचारत, "तो दाबनारा डॉक्टर कुठं बसतो?" दिवसभर जिना दाखवून माझाच खांदा भरून यायचा.

दाबणारा हे मात्र अगदी खरं. वर मशिनं होती, पण त्यांचा भरवसा अंगठ्यावर. आमच्याकडचा माणूस भातलावणीत महिनाभर वाकून आलेला असतो, त्याला हात लागल्याशिवाय बरं वाटत नाही. "मशीन ऱ्हाऊ दे, तू आंगठा लाव," असं हक्कानं सांगायचे. आणि हे लावायचे. तोंडात एकच वाक्य, "ढिलं सोडा." पेशंटला ढिलं सोडा, चहावाल्याला ढिलं सोडा, माझ्याशी हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला ढिलं सोडा. स्वतः मात्र हा माणूस एका जागी बसेल तर शपथ.

मग तो अंगठाच गेला. इतकी वर्षं लोकांच्या पाठी दाबून उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला. कल्याणच्या हाडांच्या डॉक्टरांनी अंगठ्याला पट्टा बांधला आणि सरळ सांगितलं, दाबणं आजपासून बंद, नाहीतर चमचा धरायलाही दुसरं माणूस लागेल. आता दुसरं माणूस आणायचं कुठून? बायको वारलेली, मुलगी बंगळुरूला. पष्ट्यांनी गुपचूप दवाखाना बंद केला आणि पुण्याच्या कुठल्याशा कंपनीत ऑनलाइन फिजिओची नोकरी धरली. पेशंट पडद्यात, हे पडद्याबाहेर, आणि हात लावायचा प्रश्नच नाही. शहापूरच्या घरी नेटवर्क रडायचं, म्हणून माझ्या दुकानामागची खोली मागितली. मीही दिली. म्हटलं, बसेल बिचारा कोपऱ्यात.

बसेल कसला! कागदांच्या गठ्ठ्यांवर लॅपटॉप मांडला आणि माझ्या जिवाला घोर लागला. पडद्यावर नागपूरची कुणी बाई मान वळवून दाखवायची आणि यांचे दोन्ही हात हवेत तिची मान धरायचे. ती दिसेनाशी झाली की हे उठायचे. दारापर्यंत जायचे, परत यायचे, माझा स्टेपलर उघडून मिटायचे. कागदाचा गठ्ठा नीट करतो म्हणून तळव्यानं दाबत बसायचे. एकदा आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या म्हाताऱ्याच्या मानेवर यांचा हात गेला, तेव्हा मी भडकलो. "डॉक्टर, मान सोडा त्याची. तुमचीच हौस आणि तुमचाच अंगठा, उद्या बोंबलत बसाल."

"सवय आहे रे," म्हणाले आणि हात खिशात घातले. तिथंही ते स्वस्थ नव्हते, किल्ल्या वाजत होत्या.

अशात त्यांच्या वाट्याला आले गोमाबाबा. धसईच्या बाजूचे शेतकरी. त्यांची म्हातारी बांधावरून पडली, हात मोडला, प्लास्टर निघालं, पण खांदा काही वर जाईना. स्वतःचा अंबाडा घालता येत नव्हता, याचं तिला फार लागलं होतं. मुलगा बाहेरगावी, त्यानं पैसे भरून हे ऑनलाइन प्रकरण लावून दिलं होतं. फोन भाताच्या कणगीला टेकवलेला. त्यात अर्धी म्हातारी आणि अख्खं कौल दिसायचं.

"बाबा," पष्टे म्हणाले, "हा व्यायाम एकट्यानं होत नाय. दुसऱ्यानं धरायला लागतं. तुम्ही आजींचं कोपर धरा आणि हळूहळू वर न्या."

बाबा जागचे हलले नाहीत. "तुमच्यासमोर धरू?"

"मग?"

"नाय बा. चारचौघात बायकोला हात लावनं बरं दिसतं का? लग्नात भटजीनं धराया लावला, तेवडाच."

"अहो, मी डॉक्टर आहे."

"आसाल ना. पन बाप्याच की."

आणि बाबांनी फोन उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला. लॅपटॉपवर शेणानं सारवलेला कूड आला. पष्टे त्या कुडालाच सूचना द्यायला लागले. "कोपर सैल. ढिलं सोडा. बाबा, श्वास ऐकू येतोय मला, घाई करताय तुम्ही." कूड गप्प. मध्येच म्हातारीचं "अगं आई गं" आणि बाबांचं "गप गो, डॉक्टर ऐकतोय." मी बाहेर हसून हसून तीन कॉपी वाकड्या काढल्या.

पष्ट्यांना मात्र हसू येत नव्हतं. खांदा वेळेत सुटला नाही तर तसाच धरून राहतो, आणि म्हातारी जन्मभर केस सोडून बसेल, हे त्यांना दिसत होतं. कॉल संपताच ते तरातरा एसटी स्टँडवर गेले. धसईची गाडी लागलेली होती. चढले. गाडी सुटता सुटता उतरले आणि घामाघूम होऊन दुकानात आले.

"का उतरलात?"

"गेलो असतो तर दाबलं असतं," म्हणाले. "माझ्यानं राहवलंच नसतं. मग अंगठा गेला, आणि पेशंटच्या घरी जायचं नाही हा कंपनीचा नियम मोडला म्हणून नोकरीही गेली."

रात्रभर विचार केला असावा. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला. "बाबा, फोन सरळ ठेवा, माझे हात तुम्हाला दिसायला हवेत. मीच पाठ करून बसतो." आणि खरोखर खुर्ची फिरवून लॅपटॉपकडे पाठ करून बसले. तिकडे बाबांनी ओरडून खात्री केली, "मागं वळायचं नाय हां डॉक्टर." मीही पडद्याकडे बघायचं नाही, अशी ताकीद मिळाली. म्हणजे बघणारं कुणीच नाही आणि उपचार चालू. पष्टे माझ्या दाराकडे तोंड करून, डोळे मिटून, हवेत कोपर उचलायचे. "आता इथं अडकलं ना? तिथं थांबा. ओढू नका. आजी, बाबांच्या हातावर भार टाका." पहिले काही दिवस पलीकडून नुसत्या तक्रारी. मग तक्रारी कमी झाल्या. मग दोघं कॉल चालू असतानाच म्हशीवरून भांडायला लागली. पष्टे म्हणाले, "खांदा सुटतोय. दुखत असलं की माणूस भांडत नाय."

आणि एका दुपारी बाबाच म्हणाले, "डॉक्टर, वळा आता."

पष्टे वळले. मीही गेलो बघायला, कसली ताकीद नि कसलं काय. म्हातारी जमिनीवर बसली होती. तिनं दोन्ही हात डोक्यामागं नेले, तोंड वाकडं केलं आणि अंबाडा घातला. लिंबाएवढा, कलता, पण स्वतःचा. बाबा शेजारी बसले होते आणि तिच्या कोपराखाली त्यांचा हात होता, सगळ्यांसमोर. पष्ट्यांचे हातही आपोआप वर गेले, पडद्यातल्या त्या कोपराला आधार द्यायला.

बाबांचं लक्ष तिकडे गेलं. "आंगठ्याला पट्टा कसला?"

"जुनं दुखणं आहे. व्यायाम सांगितलाय."

"मंग करता का?"

"करतो की. माझं मी करतो."

बाबा म्हणाले, "आमाला तर तुमीच बोललात, एकट्यानं होत नाय, दुसऱ्यानं धराया लागतं. तुमचा कोन धरतं?"

पष्ट्यांनी घड्याळ बघितलं. "टाइम झाला बाबा," एवढंच म्हणाले आणि कॉल बंद केला.

मी वाट बघत होतो की आता उठतील, दारापर्यंत जातील, स्टेपलर वाजवतील. नाही उठले. काळ्या पडलेल्या पडद्यासमोर तो माणूस पहिल्यांदा स्वस्थ बसला होता, आणि मला ते बघवेना. इतक्या लोकांना हात लावला यांनी, आणि यांना हात लावणारं घरात कुणी नव्हतं. मी स्टूल ओढलं, हाताची शाई विजारीला पुसली आणि म्हणालो, "आणा इकडं तो अंगठा. कसा धरायचा सांगा."

ते म्हणाले, "तुझं गिऱ्हाईक उभं आहे."

"असू दे."

त्यांनी पट्टा सोडला. हात माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे बघत, अगदी बारीक आवाजात सांगू लागले, इथं धर, खालून आधार दे, ओढू नको. सुजलेला, गरम अंगठा होता. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अहो, दोन झेरॉक्स द्या ना."

"मशीन तापतंय," मी आतूनच सांगितलं. "थोडा वेळ लागेल."