रिकाम्या बरणीचा श्वास

संशोधक ताईंची रिकामी बरणी रोज दुपारी दोनला श्वास सोडू लागली, तेव्हा शुक्रवारला चारच दिवस उरले होते.

काम तसं साधं. ऊतीसंवर्धनाची, म्हणजे टिश्यू कल्चरची रोपं बंद बरणीत वाढतात. झाकणातून हवेची ये-जा किती होते ते मोजायचं. रिकाम्या बरणीत कार्बन डायऑक्साइड भरायचा, झाकण लावायचं, आणि तो किती वेगानं बाहेर जातो ते आतला मापक टिपत बसतो. आकडा उतरत उतरत खोलीतल्या हवेइतका झाला की संपलं. ताईंचा आकडा शहाण्यासारखा उतरायचा आणि दोनला पुन्हा चढायचा. शुक्रवारी हे प्रकरण मार्गदर्शक सरांच्या हाती पडलं नाही, तर प्रबंध सहा महिने लांबणार होता.

"रिकामी बरणी वायू आणते कुठून?" सरांनी विचारलं. "नीट धुतली होती ना?"

मामांचा चेहरा पडला. प्रयोगशाळेतल्या बरण्या तीस वर्षं तेच धूत होते आणि शुक्रवारी निवृत्त होणार होते. त्यांनी मुकाट्यानं सगळ्या बरण्या पुन्हा उकळल्या. ताईंनी मापक बदलला, सच्छिद्र झाकण बदललं, शेजारी घट्ट झाकणाची दुसरी बरणीही ठेवली. पहिलीतला आकडा आपला दोनला वर. शेवटी गुरुवारी ताई रोपांच्या खोलीत मांडणीमागे दबा धरून बसल्या.

दोनला मामा आले. दार लावून बरण्यांसमोर उभे राहिले, घसा खाकरला. "आदरणीय सर आणि माझ्या लेकरांनो..."

एवढ्याशा बंद खोलीत पाऊण तास भाषण. ताईंनी कपाळाला हात लावला.

"मामा, अहो, तुमचा श्वास शिरतोय माझ्या बरणीत."

मामा ओशाळले. "उद्या निरोपाला बोलायचंय, ताई. माणसं दिसली की माझी दातखीळ बसते. ही रोपं गुमान ऐकून घेतात. चुकलं माझं, आता नाही येणार."

ताई रागावणारच होत्या, तेवढ्यात त्यांची ट्यूब पेटली. घट्ट झाकणाच्या बरणीत आकडा हलला नव्हता. सच्छिद्र झाकणाच्या बरणीतच चढला होता. म्हणजे वायू त्यातून जातो तसा येतोही. मामांनी हे चार दिवस राबून सिद्ध केलं होतं.

"चुकलं कसलं? पुन्हा पहिल्यापासून बोला. मी बाहेर थांबते, माझा श्वास नको मध्ये."

शुक्रवारी सकाळी सरांनी प्रकरणात 'वायूचा स्रोत: मामांचं भाषण' हे वाचून दोनदा चष्मा पुसला आणि सही केली.

संध्याकाळी निरोपाला मामा उठले. समोर माणसं दिसली आणि व्हायचं तेच झालं. मिनिट गेलं, दुसरं गेलं. ताईंचा जीव तुटत होता. मग मामांनी हात जोडले.

"माझं भाषण ताईंच्या प्रबंधात आलंय. तिसरा आलेख. ज्याला हवं त्यानं तिथं बघावं."

ते खाली बसले. सरांनी आलेख मागवला, त्यातला चढ वरपर्यंत नीट पाहिला आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.