उत्तराची वाट पाहणारे सिद्रामप्पा

सिद्रामप्पा रेडिओवरून प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे.

हे मी अलंकारिक अर्थाने सांगत नाही. खरोखर वाट बघायचे. "काय मंडळी, आज काय केलंय जेवायला?" असं विचारून मान जराशी तिरकी करायचे, डोळे मिटायचे आणि गप्प बसायचे. पाच सेकंद, सात सेकंद. एकदा तर मी घड्याळ लावून अकरा सेकंद मोजले. मग पलीकडून कुणी खरंच उत्तर दिल्यासारखं "असं व्हय? बरं, बरं," म्हणून पुढे जायचे.

ज्यांनी रेडिओत काम केलेलं नाही त्यांना अकरा सेकंद म्हणजे काय ते कळायचं नाही. आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की रेडिओवर काहीही चालेल, पण शांतता चालणार नाही. लोकांना वाटतं केंद्र बंद पडलं. मी पुण्याला जाऊन आवाजाचा कोर्स केलेली, मराठी विषय घेऊन एम. ए. झालेली बाई. माझ्या डोळ्यांदेखत हा माणूस रोज सकाळी अकरा वाजता आमचं केंद्र बंद पाडायचा आणि वर लोकांचा लाडका व्हायचा.

आमचं केंद्र विद्यापीठाच्या आवारात आहे. दोन खोल्या, एक काचेची भिंत, भिंतींना जाजमं आणि वरून एक मनोरा. शहर आणि भोवतालची गावं एवढाच आमचा पल्ला. ऐकणारे म्हणजे विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, दुकानदार, शेतकरी. केंद्रप्रमुख सर, मी आणि फावल्या वेळात येणारे पाच-सहा हौशी लोक. सिद्रामप्पा त्यांच्यातले एक. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून तीस वर्षं गाड्या पुकारल्या आणि निवृत्त झाल्यावर एक दिवस आपणहून सरांसमोर येऊन उभे राहिले. मला बोलायला द्या म्हणाले.

सरांनी त्यांना अर्धा तास दिला. कार्यक्रमाचं नाव 'गावाकडची गाडी'. सुरुवात ठरलेली. "मंडळी, गाडी लागलेली हाय. सावकाश चढा. जागा हाय सगळ्यास्नी." मग बाजारभाव, गुराढोरांचे आजार, कुठे कसला मेळावा. मध्येच ते प्रश्न. आणि प्रश्नसुद्धा कसले? खिडकी उघडी ठेवली का, केस विंचरले का, काल रात्री झोप लागली का.

त्यांच्या आधी, साडेदहा ते अकरा, माझा कार्यक्रम असायचा. 'उच्चारवर्ग'. प्रमाण मराठीतला एकेक शब्द घ्यायचा, सावकाश, स्पष्ट उच्चारायचा, दोनदा म्हणायचा, मग त्याचं छोटं वाक्य करायचं. पाणी. लोणी. कणीस. दोन वर्षांत मला एक पत्र आलं. एका निवृत्त मुख्याध्यापकांचं होतं, आणि त्यांनी माझी एक चूक काढली होती. फोनही एकदाच आला. एका बाईंनी विचारलं की अप्पांची गाडी लागायच्या आधी ते जे चालू असतंय, ते संपलं का.

अप्पांना मात्र फोन थांबायचे नाहीत. विडी कारखान्याजवळच्या एका घरातून बायका सांगायच्या की ते "काय केलंय जेवायला" म्हणाले की आम्ही सगळ्या एकदम उत्तर देतो. आमची सासू तेलुगूत देते, पण देते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर घरात चार माणसं असून मला झोपेचं विचारणारा हा एकटाच, असं सांगून फोन ठेवला. फोन मीच घ्यायचे. "कळवते हं," असं गोड आवाजात म्हणायचे, आणि कधी कळवायचे, कधी विसरायचे. विसरायचेच जास्त.

जळत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. माझा शब्द न् शब्द घासूनपुसून ठेवलेला, आणि लोक भाळले ते 'हाय' आणि 'न्हाय'वर. बरं, शब्दांवर भाळले असते तरी समजलं असतं. हे भाळले होते त्यांच्या गप्प बसण्यावर.

एकदा मीही तो प्रयोग करून पाहिला. 'उच्चारवर्गा'च्या सुरुवातीला "श्रोतेहो, कसे आहात?" असं विचारलं आणि मान तिरकी करून थांबले. चौथ्या सेकंदाला सर धावत आले आणि काचेतून हातवारे करून विचारू लागले की लाइट गेली का. अप्पांच्या अकरा सेकंदांना ते कधी खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते.

मग ते मेंढ्यांचं प्रकरण झालं आणि मला कारण मिळालं. अप्पा मेंढ्यांच्या आजारांची माहिती वाचत होते. लाळ गळते, चारा सुटतो वगैरे. मध्येच थांबून म्हणाले, "सकाळची गोळी घेतली का? पाण्यासंगं घ्यायची. च्यासंगं न्हाय." नेहमीसारखे थांबले आणि पुढे गेले. अर्ध्या तासात फोन आला. सांगोल्याकडचा एक मेंढपाळ मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरला होता. गोळीचं नाव काय आणि ती रिकाम्या पोटी द्यायची का, हे त्याला हवं होतं. शिवाय त्याची मेंढरं चहा पीत नव्हती, तेही त्यानं स्पष्ट केलं.

सर पोट धरून हसले. मी हसले नाही. उद्या कुणाच्या मेंढरांना काही झालं तर जबाबदार कोण, असं मी गंभीरपणे विचारलं. थेट प्रसारण धोक्याचं आहे, अप्पांचा कार्यक्रम आदल्या दिवशी रेकॉर्ड करावा, तपासून, काटछाट करून मगच लावावा, आणि ते काम मी आनंदाने करीन, असंही म्हणाले. आनंदाने हा शब्द तेवढा खरा होता. सरांना मुद्दा पटला. अप्पांना तसं सांगितलं. "बरं. तुमी म्हणताय तर तसं," एवढंच बोलले.

पहिली काटछाट मला अजून आठवते. संगणकावर आवाज दिसतो, डोंगररांगेसारखा. जिथे अप्पा थांबले तिथे सपाट रेघ. मी एकेक सपाट रेघ निवडली आणि उडवली. शेतातलं तण काढावं तशी. मेंढ्यांचं काही नव्हतंच त्यात, शांतताच होत्या. पण मी एकही ठेवली नाही. अर्ध्या तासाचा कार्यक्रम चोवीस मिनिटांवर आला. उरलेल्या सहा मिनिटांत मी 'उच्चारवर्गा'तले निवडक शब्द टाकले.

आठवडाभर असं चाललं. अप्पा दुपारी यायचे, बोलायचे, जायचे. फोन कमी झाले. जे आले त्यांत एकच चौकशी होती, अप्पांना हल्ली कसली घाई असते. मग सोमवारी अप्पा आले नाहीत. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. त्यांचा मोबाईल बंद. गुरुवारी सकाळी सर मला म्हणाले की तुमच्या घराकडच्याच बाजूला राहतात ते, जरा बघून या.

अक्कलकोट रस्त्याच्या आतल्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढे कट्टा, कट्ट्यावर तुळस. मी हाक मारायला तोंड उघडलं तोच अप्पा ओठांवर बोट ठेवून बाहेर आले. मला कट्ट्यावर बसवलं. "हळू बोला," म्हणाले, "तुमचा आवाज वळखंल ती."

ती म्हणजे गौराबाई, त्यांची बायको. अर्धवट उघड्या दारातून पाठमोऱ्या दिसत होत्या. खाटेवर बसलेल्या, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. शेजारी स्टुलावर रेडिओ.

अप्पांनी हळू आवाजात सांगितलं ते असं. अडीच वर्षांपूर्वी गौराबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. पाय हळूहळू चालता झाला, पण वाचा अडकली. शब्द डोक्यात असायचा, तोंडात यायला वेळ लागायचा. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा. पण त्यांच्याकडे बघत कुणी काही विचारलं की त्यांना लाज वाटायची. तोंड वाकडं होतं म्हणून पदर लावायच्या आणि गप्प बसायच्या. अप्पा समोर बसून विचारायचे तरी तेच. बायको आपल्यालाच लाजते म्हटल्यावर त्यांना काही सुचेना. मग एक दिवस त्यांनी पाहिलं, घरात कुणी नाही असं समजून त्या रेडिओशी बोलत होत्या. निवेदकाने नमस्कार म्हटलं, त्यांनी नमस्कार म्हटलं.

"रेडिओला डोळं नसत्यात की," अप्पा म्हणाले. "म्हून मी तितनं इचारत हुतो. शेजारची बाई भिंतीआडनं ऐकायची, मी घरी आलो की सांगायची, आज काय बोलली ती. भाकरी म्हणाली. झोप न्हाय म्हणाली. एकदा मला शिवी दिली, ती बी चांगली लांबलचक."

ते हसले. मी हसू शकले नाही. मागच्या आठवड्यात काय झालं ते मी विचारलं नाही, अप्पाच आपणहून बोलले. कार्यक्रम रेकॉर्ड व्हायला लागल्यापासून अकरा वाजता ते घरीच असायचे, दाराआड उभे राहून ऐकायचे. रेडिओतले अप्पा विचारायचे, गौराबाई तोंड उघडायच्या, पहिलं अक्षर जुळवायच्या, आणि रेडिओतले अप्पा तोवर बाजारभावावर पोचलेले असायचे. चार दिवस गौराबाईंनी प्रयत्न केला. पाचव्या दिवशी रेडिओ लागला तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला.

"त्या शांतता मी कापल्या," मी म्हणाले. कुजबुजत कबुली देणं सोपं असतं असं मला वाटायचं. नसतं.

"ठावं हाय मला. तीस वर्सं माइकवर बोललोय. कुटं थांबलो हुतो ते मला कळत न्हाय व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायचं तर समदं घरातलं सांगावं लागलं असतं. तिला आवडलं नसतं ते."

उद्यापासून कार्यक्रम पुन्हा थेट होईल, हवं तेवढं थांबा, सरांना मी बघते, असं मी सांगितलं. ते मान हलवत राहिले. मी उठणार होते, पण त्यांनी हातानेच बसा म्हटलं. साडेदहा झाले होते.

आतून माझा आवाज आला. परवा रेकॉर्ड केलेला 'उच्चारवर्ग'. स्पष्ट, घासलेला, मला स्वतःलाच जरा परका वाटणारा. पाणी, मी म्हणाले. पाणी, मी पुन्हा म्हणाले. खाटेवरची पाठ ताठ झाली. आधी नुसती हवा आली, मग एक घोगरा स्वर, मग शब्द. मग माझ्या मागोमाग अख्खं वाक्य. आई माठातलं पाणी देते. एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं, पण पूर्ण.

अप्पा माझ्याकडे न बघता ऐकत होते.

"मी इचारतो तर एका शब्दात बोलती," ते म्हणाले. "तुमच्या मागनं समदं बोलती. ह्या पदराच्या पायी ते बी थांबलं हुतं. आज चार दिसांनी बोलली. लई जळतो बघा, बाई, मी तुमच्यावर."

मला त्यांना खूप काही सांगायचं होतं. पण दार उघडं होतं, आत माझा दुसरा शब्द लागला होता, आणि मी बोलले असते तर गौराबाईंनी आवाज ओळखला असता.