सारजाचा ताणा आणि सरकारी खड्डा

"घोंगडी विणायला मिशा लागत न्हाईत!"

सारजानं हे वाक्य बारामतीच्या भर बाजारात फेकलं, तेही मिशा असलेल्या सात-आठ माणसांपुढं. त्यातली सगळ्यांत झुपकेदार मिशी तिच्या नवऱ्याची, म्हस्कूची. मिशीवरून हात फिरवत तो म्हणाला, "सारजे, बाईनं चातीवर लोकर कातावी. मागावर बसायचं ते बाप्यानं. आजवर असंच चाललंय."

"आजवर चाललं. आता न्हाय चालायचं!"

झालं! बाजार उठायच्या आत ही बातमी तिच्या गावी, काटेवाडीला, सारजाच्या आधी पोचली.

त्या साली, म्हणजे छप्पन्न साली, काटेवाडीच्या शाळेत सरकारनं घोंगडी विणायचा वर्ग उघडला होता. नियम एकच, पण कडक. हत्यारं आपल्या हातानं बनवायची आणि माल आपल्या शिवारातला वापरायचा. परीक्षेत पहिला येईल त्याला नवाकोरा माग घरी न्यायला मिळणार होता. सारजाचा जीव त्या मागात अडकला होता. वीस वर्षं तिनं दुसऱ्याच्या मागासाठी लोकर कातली. घोंगडी झाली की लोक म्हणायचे, "काय हात आहे विणणाऱ्याचा!" कातणारीचं नाव कुणी घेत नसे. ते तिला आतून टोचायचं.

वर्ग चालवणारे बिरदेव मास्तर तिला बघून चपापले. "नवऱ्याला पाठव की."

"त्यास्नी मेंढरं वळायशिवाय काय येत न्हाय. आन त्यातली निम्मी मीच वळती!"

मास्तरांनी पाच बाप्यांची नावं शाईनं लिहिली होती. सारजाचं पेन्सिलीनं लिहिलं. खोडायला बरं!

पण सारजा खोडली जाणाऱ्यातली नव्हती. तिनं बांबूच्या काड्या तासून फणी केली. आडवा धागा घट्ट बसवायला बाभळीच्या फांदीचं ठोकणं केलं. शिंदीचे देठ दगडावर ठेचून खळ लावायचा कुंचा केला. बाकीच्या पाच जणांनी फण्या गुपचूप इंदापूरच्या सुताराकडून करून आणल्या आणि वर माती चोळून जुन्या दाखवल्या. सारजाची फणी जरा वाकडी होती, पण सगळी तिची होती.

परीक्षेचा दिवस उजाडला. पुण्याहून तपासनीस साहेब यायचे होते. त्याआधी ताणा, म्हणजे घोंगडीचे उभे धागे, ताणून बांधायचा, त्याला चिंचोक्याची खळ चोपडायची आणि तो वाळवून तयार ठेवायचा होता. सारजा डोक्यावर खळीचं पातेलं घेऊन शाळेत पोचली, तर पाच बाप्यांनी अख्खं मैदान अडवलेलं!

"जागा संपली," मास्तर म्हणाले.

"मैदानातली संपली. गावातली न्हाय संपली!"

सारजा तरातरा निघाली. शाळेपासून अर्ध्या मैलावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बाभळी होत्या. समोरासमोर, जणू तिच्यासाठीच लावलेल्या. तिनं या बाभळीपासून त्या बाभळीपर्यंत, रस्त्यावर आडवा, तीनशे धाग्यांचा काळाभोर ताणा बांधला आणि कुंच्यानं खळ लावायला घेतली. म्हस्कू मेंढरं घेऊन शेजारच्या पडीक रानात येऊन बसला. बायकोची फजिती बघायला माणूस किती लांब चालतो!

खळ निम्मी लावून झाली आणि बारामतीकडून प्रवाशांनी भरलेली मोटार आली.

ड्रायव्हर गेणूनं करकचून ब्रेक दाबला. मग भोंगा वाजवला. मग मुंडकं बाहेर काढलं. "ए बाई! रस्ता हाय का तुझं अंगण?"

"खळ वली हाय. आता ढिला पडला तर धाग्याला धागा चिकटंल. वाळंपातूर थांबा!"

"मोटार थांबत न्हाय!"

"मग आत्ता काय करतीय?"

गेणूनं मुंडकं आत घेतलं. मोटारीतली चाळीस माणसं खाली उतरली. एक म्हणाला, ताणा तोडा. सारजानं कुंचा उगारला. "तोडंल त्याचं तोंड चोपडीन!" तो मागं सरकला. तोवर मागं उसाच्या चार गाड्या येऊन थांबल्या. बैलांना खळीचा वास आला आणि ते जिभा काढून पुढं सरकायला लागले. आता मात्र सारजा हात पसरून ताण्यापुढं उभी राहिली. मोटारीशी भांडता येतं, बैलाशी काय भांडणार?

तेवढ्यात चष्मेवाला, काळ्या कोटातला एक गृहस्थ पुढं आला. "बाई, ताणा सैल न सोडता उचलून फिरवू. आडवा आहे तो रस्त्यालगत उभा धरू. म्हणजे वाट मोकळी होईल."

"तुमास्नी कळतं व्हय ह्यातलं?"

"थोडंफार."

"मग हा कुंचा धरा. खालून मारा. आवो, खालून! हात हाय का फळकूट?"

कोटवाला निमूटपणे खळ मारू लागला. आठ प्रवाशांनी ताणा पालखीसारखा उचलला, मोटार हळूच पुढं जाऊन कडेला थांबली, उसाच्या गाड्या बाजूनं निघून गेल्या. आता रस्त्यालगत बांधायला झाड कुठलं? सारजानं एक टोक मोटारीच्या मागच्या शिडीला बांधलं आणि दुसऱ्या टोकाची काठी म्हस्कूच्या हातात दिली.

"मी कशाला?" म्हस्कू म्हणाला.

"बसलाय न्हवं रिकामं? धरा! सोडला तर घरात पाय ठेवायचा न्हाय!"

"एक बिडी वढंस्तवर थांबतो," गेणूनं सांगितलं. ऊन चांगलं होतं, वारा होता, ताणा वाळत आला. प्रवासी एकेक करून चढले. शेवटी कोटवाला हातावरची खळ पुसत चढला. आणि कंडक्टरनं सवयीनं घंटी मारली!

मोटार निघाली. पाठोपाठ ताणा निघाला. आणि ताण्यापाठोपाठ म्हस्कू!

"अगं सारजे, ही पळाया लागली!"

"मग तुमीबी पळा! ताण सोडू नगा!"

म्हस्कूचं पागोटं पहिल्या वळणावर पडलं, एक वहाण दुसऱ्या वळणावर. पण काठी त्यानं छातीशी धरली होती. मागं सारजा, तिच्यामागं बिनधन्याची चाळीस मेंढरं. मोटारीत कोटवाला ओरडत होता, "थांबवा! थांबवा!" पण त्या मोटारीचा खडखडाट एवढा, की गेणूला वाटलं मागं भजन सुरू झालंय.

मोटार शाळेपुढं थांबली, तेव्हा मास्तर हार घेऊन उभे होते. आधी कोटवाला उतरला. मास्तरांनी त्याच्या गळ्यात हार घातला, "या साहेब, या!" मग मोटारीची काळी शेपटी दिसली. मग शेपटीच्या टोकाला म्हस्कू दिसला. तो जिवंत होता, पण बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

सारजा धापा टाकत पोचली. ज्याच्या हाताला आपण फळकूट म्हणालो तोच तपासनीस, हे तिला कळलं. बोलणं गिळावं असं क्षणभर वाटलं. पण मग ती म्हणाली, "साहेब असलात तरी तुमी कुंचा वरूनच मारत व्हता!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसून ताण्याचे धागे मोजले. तीनशेपैकी सात तुटले होते. मग मैदानातल्या पाच ताण्यांना त्यांनी बोटानं नुसता हिसका दिला. तटातट, तटातट! "खळ पातळ," ते म्हणाले. "बाईंचा ताणा पहिला. आता मागावर वीतभर विणून दाखवा, की झालं."

सारजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पदरानं खसकन पुसलं, शाळेतल्या मागावर ताणा चढवला, कडेला बसली, पायानं दाबायच्या पावड्यांवर ठेवायला पाय मागाखालच्या खड्ड्यात सोडले आणि दिसेनाशी झाली!

खड्डा उंच बाप्याच्या मापानं खणलेला. पाय पावडीला पोचावेत म्हणून ती पुढं सरकली आणि थेट तळाला गेली. वर फक्त अंबाडा उरला. मैदानभर हशा उसळला. बिरदेव मास्तर खड्ड्याशी वाकून म्हणाले, "पाय लांब करून ये, बाई, आन मग बस!"

खड्ड्यातून आवाज आला, "पाय बरूबर हायत! खड्डा चुकलाय!"

"म्हणजे नापासच की!"

"करा नापास! पर माझ्या नावाम्होरं न्हाय, खड्ड्याच्या नावाम्होरं! आन अवो, वर दात काय काढताय? पाटी आणा, माती टाका!"

हे शेवटचं म्हस्कूला होतं. त्यानं साहेबांकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं, आणि एकाच वहाणेवर पाटी आणायला निघाला. अर्धा मैल पळालेल्या माणसाला चार पाट्या मातीचं काय! खड्डा तिच्या मापाला भरला, पावड्या वर आल्या, सारजा बसली. वीतभर विणायचं होतं, ती हातभर विणून उठली. साहेबांनी स्वतःच्या पेनानं वहीतली पेन्सिल गिरवली. नाव शाईचं झालं.

बक्षिसाचा नवाकोरा माग घरी आला. म्हस्कू आता बाजारात सांगतो, "घोंगडी आमी दोघांनी केली. ताणा माझा हाय!" सारजा ऐकते आणि सोडून देते. पळाला बिचारा, खोटं कशाला बोला?

पुढच्या आठवड्यात नवी तुकडी आली. बिरदेव मास्तर पहिला धडा द्यायला ऐटीत शाळेतल्या त्याच मागावर बसले, तर दोन्ही गुडघे थेट हनुवटीला! "अरे, हा खड्डा उकरा कुणीतरी!" ते कळवळले.

नव्या तुकडीत आलेल्या चार बायका दारात उभ्या होत्या. त्यांच्यापुढं सारजा.

"कशाला उकरायचा?" ती म्हणाली. "पाय आखूड करून या की, मास्तर!"