भाऊसाहेबांचे गार ब्रेक

"ब्रेक तापतात म्हणजे काय? मी बंद पाडतो त्यांचं तापणं," असं भाऊसाहेबांनी मयूर विहारमधल्या आपल्या अख्ख्या सोसायटीला सांगून टाकलं होतं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला ऐकणारं कुणीतरी लागतं आणि गेटवरच्या गार्डला पळून जाता येत नाही.

गाडी त्यांच्या वडिलांची, स्वातंत्र्याच्या आधीची. दिल्लीत एवढी जुनी गाडी वाचवायची तर तपासणीत ती 'विंटेज' ठरायला हवी, नाहीतर भंगार. पण तपासणीपर्यंत न्यायची कशी? पुलाच्या उतारावर दोनदा ब्रेक दाबला की चाकांमधले ड्रम तव्यासारखे तापत आणि पेडल नुसतंच खाली जाई. मागच्या खेपेला ती एका ई-रिक्षाला टेकून थांबली होती.

"अहो, ट्रकवर घालून न्या आणि आहे तशी दाखवा," सुमित्राबाई म्हणाल्या.

"तुला यातलं काय कळतं?"

सुमित्राबाईंना कशातलंच काही कळत नसे आणि दर वेळी त्यांचंच खरं होई. भाऊसाहेबांनी ते त्यांना अजून माफ केलेलं नव्हतं.

उन्हाळाभर खपून त्यांनी अॅल्युमिनियमचे नवे ड्रम बसवून घेतले, वारा खेळावा म्हणून त्यांना भोकं पाडली आणि जुने ड्रम कबाडीला देऊन टाकले. गाडी आता म्हणाल तिथे थांबे. ब्रेक गार!

तपासणीच्या मैदानावर गाड्या बघणाऱ्या अधिकाऱ्याने सहज विचारलं, "सब ओरिजिनल है ना, सर?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण भाऊसाहेबांनी चाक उतरवलं आणि एकेका भोकाचं कारण समजावून सांगितलं.

"बढ़िया काम है," तो मनापासून म्हणाला. "लेकिन अब ये विंटेज नहीं रही. सिर्फ़ पुरानी गाड़ी है."

तिथे शेजारी उभी असलेली गाडी मात्र पास झाली. तिचे ब्रेक अगदी मूळचे होते, म्हणजे लागत नव्हते. तिच्या चाकाखाली वीट लावलेली होती.

पुढच्याच आठवड्यात भंगारवाल्याची क्रेन आली. साखळी ताणली, इंजिन गुरगुरलं, पण गाडी जागची हलेना.

"अंकल, ब्रेक तो छोड़ो."

सुमित्राबाई बाल्कनीत उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत आणि ते भाऊसाहेबांना फार लागलं. वडिलांच्या सीटवर बसून त्यांनी आपल्या हाताने ब्रेक सोडला.

"क्या पकड़ है," क्रेनवाला म्हणाला. "किसने बनाया?"

कुणीतरी आपणहून विचारत होतं. भाऊसाहेब खाली उतरले आणि जिना चढू लागले.