एका तखतावरची चौकडी

देवळेमास्तर कोणाच्याही घरी वाजवायला आले, की आधी तखत मागायचे. पाणी नंतर, चहा नंतर, नमस्कारसुद्धा नंतर. तखत लाकडाचंच हवं, त्यावर गादी नको, सतरंजी नको. घरातल्या बाईनं कौतुकानं चादर अंथरली तर मास्तर ती स्वतः घडी करून तिच्या हातात द्यायचे. मग त्या उघड्या फळ्यांवर आम्ही चौघांनी अनवाणी चढायचं. आम्ही तिघं मांडी घालून, आणि मास्तर एका बुटक्या लाकडी स्टुलावर, गुडघ्यांत चेलो धरून.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खाली लोखंडी खिळा असतो, तो टेकवून वाजवतात. मास्तर तो खिळा तखतात रुतवायचे. जुन्या इंदुरातल्या माझ्या घरच्या तखताची त्यामुळे चाळण झाली होती. आमची ही म्हणायची, "चांडाळ चौकडीला सांगा, पुढच्या खेपेला जमिनीवर बसा." जमिनीवर बसायचं नाही, हाच तर मास्तरांचा नियम होता. एका तखतावर चार माणसं आणि चेलोचं ते धूड. व्हायोलिनवाल्या कुंदाताईंचा गज माझ्या कानाला लागायचा, माझं कोपर यादवजींच्या क्लॅरिनेटला. पण एकानं जरी पाय खाली सोडला, तरी मास्तर वाजवणं थांबवून ओरडायचे, "वर! सगळे वर!"

हे मास्तर इंदुरातल्या जुन्या मराठी लोकांना ठाऊक आहेत, पण ते माझ्या गोष्टीतून. दिवे गेले, दिवे आले, लोकांचा चहा झाला, तरी एकटेच वाजवत राहिलेले मास्तर. ही गोष्ट मी लग्नांत, मुंजींत, गणपतीच्या मंडपात सांगितली आणि हशे मिळवले. आता माझं वय झालं. ती गोष्ट आहे तशी सांगून टाकावी म्हणतो.

मास्तर गिरणीत लूमखात्यात होते, सगळा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला. चेलो लहानपणी संस्थानच्या काळातल्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडून शिकले आणि म्हाताऱ्याच्या माघारी तो यांच्याकडेच राहिला. त्याला गिरणीच्याच जाड कापडाची खोळ. टेम्पोत चढवताना ड्रायव्हर हमखास म्हणायचा, "मास्साब, भाभीजी को अंदर की सीट दो, हवा लगेगी." मास्तर विधुर होते. ते हसायचे आणि चेलोला आतली सीट द्यायचे.

कुंदाताई शाळेत संगीत शिकवायच्या, त्यांचं पहिलं व्हायोलिन. माझं दुसरं. मी विमा कचेरीत कारकून. यादवजी गिरणीतलेच, आधी रुईखात्यात, कापसाच्या धुळीत होते, लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आम्हाला चौघांना एकत्र आणलं मास्तरांनी आणि वाजवायला दिलं ते सगळं त्यांनीच रचलेलं. सारेगममध्ये लिहिलेलं, पण रागात न बसणारं. चाल मध्येच थांबायची, मध्येच पळायची. कुंदाताई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मास्तर, हा कोणता राग?"

"कापड बघा, धागा नका बघू," मास्तर म्हणाले. प्रत्येक प्रश्नाला त्यांचं हेच उत्तर असायचं.

तखताबद्दल आमच्यात फार चर्चा व्हायची. कुंदाताईंचं म्हणणं, शिस्त लागावी म्हणून. माझं म्हणणं, त्यांच्या घरी खुर्च्या नाहीत म्हणून. यादवजींना विचारलं तर ते क्लॅरिनेट पुसत म्हणायचे, "जो है सो है, भिया." वाजवणं संपलं की मास्तर तळहात फळीवर टेकवून थोडा वेळ तसेच बसायचे. आम्हाला वाटायचं, देवाला नमस्कार करतात.

बोलायचे मात्र ओरडून. सराफ्यात उभं राहून गुपित सांगायला लागले, तर ते राजवाड्यापर्यंत जायचं. विचारलेल्याचं उत्तर मिळेल याचा भरवसा नव्हता. कुंदाताईंनी एकदा विचारलं, "तुमच्या बहिणीची तब्येत कशी आहे आता?" मास्तर म्हणाले, "दोन तारा बदलल्या, आता ठीक आहे." आम्ही म्हटलं, कलावंत माणूस, कुठल्या कुठे मन असतं.

मग गिरणी बंद पडली. एक दिवस फाटकाला कुलूप लागलं, भोंगा वाजेनासा झाला, आणि त्यावर घड्याळ लावणारी आमची आळी काही दिवस उशिरा उठली. यादवजींनी पोह्यांचा ठेला लावला. मास्तरांनी काहीच केलं नाही. फक्त आधी आठवड्यातून एकदा तखतावर बसायचो, ते आता रोज बोलवू लागले. रोज कोणाला जमणार? कुंदाताईंच्या शिकवण्या, माझी कचेरी. आम्ही टाळायला लागलो. मास्तर दारात चेलो घेऊन उभे राहिले की ही बाहेर येऊन सांगायची, "ते घरी नाहीत." मास्तर तिच्या तोंडाकडे नीट बघून मान डोलवायचे आणि जायचे.

त्याच सुमारास शहरात एक नवं हॉटेल झालं. मालकाचा मुलगा परदेशात शिकून आलेला. त्याला सगळे छोटे सेठ म्हणायचे. त्यानं कुंदाताईंच्या शाळेत आम्हाला ऐकलं आणि उडालाच. "अंकल, ये तो कंटेम्पररी चेंबर म्युझिक है!"

यादवजी माझ्या कानात म्हणाले, "चेंबर? वो तो नाली का होता है ना, भिया?"

छोटे सेठनं हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरवला. हा जमला तर दर महिन्याला एक. मास्तरांना हे यादवजींनी समोर उभं राहून, हातवारे करून सांगितलं. मास्तरांनी इतकंच विचारलं, "म्हणजे चौघं दर महिन्याला नक्की?" नक्की, म्हटलं. कार्यक्रम ठरला म्हणजे मग कोणाला टाळता येणार नव्हतं. मास्तरांनी दाढी केली, कोट शोधला, आणि कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये पाय टाकताच विचारलं, "तखत?"

छोटे सेठ हसला. "अंकल, ये शादी का मंच थोड़ी है."

मंचावर जाड गालिचा होता आणि त्यावर चार गुबगुबीत खुर्च्या, एकमेकींपासून लांब लांब, फोटोत चांगल्या दिसाव्यात म्हणून. मास्तरांनी गालिच्यावर पाय ठेवून बघितला. चेलोचा खिळा टेकवला, तो मऊ गालिच्यात बुडाला. "तखत नाही तर जमणार नाही," ते माझ्याकडे बघून म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले. मी म्हटलं, "मास्तर, एक दिवस चालवून घ्या. महिन्याचं ठरतंय." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग कुंदाताईंचा गज दिसेल अशी खुर्ची माझ्याजवळ सरकवून बसले.

सुरुवात छान झाली. मास्तरांची नजर त्या गजावरून हलली नाही. आणि दुसऱ्या चिजेच्या मध्यावर वीज गेली.

आम्ही तिघं थांबलो. कोणीही थांबेल. काळोखात लोक "अरे, अरे" करू लागले, कोणीतरी शिटी मारली, छोटे सेठ जनरेटरच्या माणसाला हाका मारत होता. आणि चेलो चालू होता. लोक आधी गप्प झाले, मग खुसखुसायला लागले. मास्तरांचा गुडघा माझ्या हातापासून लांब नव्हता. मी वाकून त्याला हात लावला असता तर ते थांबले असते. मी हसत होतो.

दिवे आले. मास्तरांनी वर बघितलं. कुंदाताईंचा गज मांडीवर होता, यादवजींचं क्लॅरिनेट मांडीवर, माझं व्हायोलिन मांडीवर. समोर सगळा हॉल हसत होता. मास्तरांचा गज तारेवरच थांबला. त्यांनी आमच्याकडे एकेकाकडे बघितलं, चेलोला खोळ घातली आणि मंचावरून उतरून गेले.

चहाबिहा काही झाला नव्हता. तो मी गोष्टीत घातला. "मास्तर म्हणाले, वीज गेली तर मी काय करू, माझा चेलो विजेवर चालत नाही," हे वाक्यही माझंच. ते काही बोलले नव्हते. दर महिन्याचं बारगळलं. मास्तर कोणाच्या दारात आले नाहीत, आम्हीही गेलो नाही. गोष्ट मात्र रंगत गेली.

काही दिवसांनी यादवजींच्या ठेल्यावर मी तीच गोष्ट कोणाला तरी सांगत होतो. यादवजी पोह्यांवर सेव टाकता टाकता थांबले. "भिया, एक बात बताओ. अंधेरे में उनको पता कैसे चलता?"

"क्या पता चलता?"

"कि हम लोग रुक गए."

यादवजी म्हणाले, "लूमखाते में इतने साल जो रहा, वो सुनता थोड़ी है. वहाँ तो सब होंठ देखके बात करते हैं. मास्साब को तो चौकड़ी बनने के पहले से नहीं सुनाई देता. लकड़ी में से पकड़ते थे, पाँव से."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मुझे लगा सबको पता है! तखत और काहे के लिए माँगते थे?"

म्हणजे त्या काळोखात मास्तरांच्या लेखी आम्ही वाजवत होतो. गज दिसत नव्हता, गालिच्यातून काही येत नव्हतं, तरी आम्ही सोबत आहोत असं धरून ते पुढे जात होते. दिवे आले तेव्हा त्यांना कळलं.

तरी मी गेलो नाही. काय तोंड दाखवणार? आणि खोटं कशाला बोलू, गोष्ट सांगणंही लगेच सुटलं नाही.

पुढे कुंदाताईंची भाची पुण्याहून आली. व्हायोलिनमध्ये तयार मुलगी. तिनं आमचे जुने कागद गंमत म्हणून वाजवले. माझा भाग वाजवून झाल्यावर म्हणाली, "काका, तुम्हाला करंगळीचा काही त्रास आहे का?"

लहानपणी दारात चेमटल्यापासून माझी डावी करंगळी वळत नाही. मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. "का गं?" मी विचारलं.

"नाही, ह्यात करंगळी कुठेच लागत नाही. इतकं लिहिलंय आणि एकदाही नाही. मुद्दाम केल्याशिवाय असं होणार नाही."

कुंदाताईंनी आपला कागद ओढून घेतला. त्यांना वाजवताना घाई करायची खोड. जिथे जिथे त्या पळायच्या, तिथे तिथे चालच पळती लिहिली होती. आणि मध्येच येणारे ते थांबे, ज्यांना छोटे सेठ हात जोडून 'सायलेन्स' म्हणायचा, ते यादवजींचे होते. रुईखात्यानं त्यांची छाती नेली होती. दम संपून खोकला यायचा, तिथे मास्तर सगळ्यांनाच थांबवायचे. आम्ही आपले समजत होतो की आपल्याला काय छान वाजवता येतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गिरणीच्या चाळीत गेलो. दार उघडंच होतं. मास्तर तांदूळ निवडत बसले होते. मला बघून ताट बाजूला केलं. मी त्यांच्या समोर बसलो, उजेड माझ्या तोंडावर येईल असा.

"मास्तर, माझं चुकलं."

"या, या. बसलातच की."

"माझ्या करंगळीचं कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्या दिवशी. ती आखडून धरता तुम्ही. लूमखात्यात बोटंच बघायची असतात." आणि मग ओरडून, चाळीला ऐकू जाईल असं, "चहा घेणार?"

चहा झाला. या वेळी खरंच झाला. कप खाली ठेवून मास्तर म्हणाले, "तुम्ही माझी गोष्ट फार छान सांगता म्हणे."

मी मान खाली घातली. त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली. मला वाटलं, रागावले. पण ओठ दिसेनासे झाले होते, एवढंच.

"सगळ्या इंदूरला सांगितलीत. आता मला सांगा."

"काय सांगू, मास्तर?"

"ते सगळं लिहिलं, पण मी एकदाही ऐकलेलं नाही. फळीतून थरथर यायची, त्यावरून कळायचं की चौघं आहेत. पण ऐकायला कसं होतं? कुंदाताईंना विचारलं तर त्या रडायला लागतील. यादवला विचारलं तर म्हणेल, जो है सो है. तुम्ही सांगा. काही घालू नका, काही गाळू नका."

मी विमा कचेरीतला कारकून. सुरांबद्दल कसं बोलायचं, मला कुठे ठाऊक? पण सुरुवात केली. म्हटलं, आधी यादवजी येतात, एकटे, सकाळी कोणी गल्लीच्या टोकाला हाक मारावी तसे. मग कुंदाताई. त्या जरा चढ्याच लागतात. मग मी. माझं फार काही नसतं, मी त्यांच्या मागे मागे असतो. आणि तुम्ही येता, तेव्हा आम्ही तिघं आतापर्यंत लटकत होतो, हे कळतं.

मास्तर पुढे सरकून बसले होते. त्यांची नजर माझ्या ओठांवर होती.

"आणि मग?" ते म्हणाले.