स्प्राय हा किताब फत्ते जाहला त्याची हकीकत

शब्दमात्रास मुजरा करून लिहावयास घेतले ऐसे जे, थोरांच्या लढाया थोरांनी लिहिल्या आणि वाचून लोक शहाणे जाहले. परंतु एका इमारतीच्या जिन्यात एका इंग्रजी विशेषणापायी जे रण माजले, ते कोणी लिहिले नाही. लिहिणाराची मती तोकडी, सबब उणे अधिक पदरात घ्यावे.

दुसऱ्या मजल्याचे ठाणेदार राजमान्य राजेश्री कानामात्राराव, छापखान्यातील निवृत्त मुद्रितशोधक, बहुत लाजाळू. पत्नी निवर्तलेली, थोरली बहीण ताई घरात वजीर. रावांचा दंडक ऐसा की, तीन कोशांची साक्ष पडल्यावाचून कोणताही शब्द कबूल करावयाचा नाही. या दंडकाने छापखान्यात त्यांचा दरारा आणि घरात सदा खोळंबा.

एके सकाळी चौथ्या मजल्याच्या शिट्टीबाई, कवायतीच्या निवृत्त शिक्षिका, जिना चढत असता त्यांची पिशवी फाटली, आणि लिंबांची फौज पायऱ्यांवरून चौखूर उधळली, मग राव खासा दारातून झेपावले, आणि दोन लिंबे जागीच गिरफ्तार केली, आणि तिसरे कठड्यावरून फरारी होत असता हवेतच झेलले.

बाई खूश होऊन म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर भलतेच स्प्राय आहात हो. रविवारी गच्चीवर नाच आहे, मला जोडीदार नाही. येता?"

कोणीही शहाणा 'येतो' म्हणता. राव लिंबू छातीशी धरून वदले, "कोशात बघून सांगतो."

बाईंचा चेहरा पडला. "बघा बापडे. संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर तळमजल्याचे विमावाले तयारच आहेत."

मग रावांनी दार लावून मोहीम आरंभिली. धाकटा कोश विनाशर्त शरण आला: चपळ. मधल्याने नजराणा दिला: तरतरीत, हलक्या पावलांचा. राव आरशासमोर उभे राहून, कोणी पाहत नाही ऐसे पाहून, एक गिरकी घेते जाहले. परंतु थोरला कोश माळ्यावरच्या गडात बसलेला. तेथे स्टुलाची शिडी लावून, धुळीचा मारा सोसून, शिंकांच्या तोफा डागीत गड घेतला, आणि आत दगा निघाला. लिहिले होते: चपळ, विशेषतः वृद्धांविषयी, वयाच्या मानाने.

राव स्टुलावरच मटकन बसले. जन्मात प्रथमच कोणी नाचावयास बोलाविले, आणि तेही कीव करून, या विचाराने अवसान गळाले.

"ताई, ती मला म्हातारा म्हणाली."

"मग काय तुला अजून दात यायचेत?"

"दया येऊन बोलावलं असेल."

"दया येणारी बाई आपले पाय तुझ्याकडून तुडवून घ्यायला बोलावत नाही. वर जा आणि तिलाच विचार."

वजिराचा हुकूम मोडण्याची प्राज्ञा नव्हती. लिफ्ट नेहमीप्रमाणे फितूर होऊन बंद पडलेली, सबब राव पायदळ निघाले, आणि तिसरा मजला गाठतात तो खालून अत्तराचा घमघमाट आला, आणि मागोमाग नव्या बुटांची करकर आली. विमावाले चाल करून येत होते! मग रावांनी धोतर सावरावे तैशी विजार सावरून, दोन दोन पायऱ्या एका टापेत घेतल्या, आणि चौथ्या मजल्याची घंटा बडविली.

दार उघडताच राव धापा टाकीत म्हणाले, "तो शब्द तरुणांना लावत नाहीत."

"नाहीच लावत," बाई म्हणाल्या. "पोरासोरांनी लिंबू झेललं तर त्यात काय सांगायचं? तुम्ही झेललंत म्हणून मी सकाळपासून दारोदार सांगत सुटलेय. तो शब्द मिळवायला आधी म्हातारं व्हावं लागतं, आणि मग व्हायचं नाकारावं लागतं."

"हे कोशात नाही."

"मग कोशाला सांगा. येता का?"

"येतो," राव म्हणाले, आणि आपल्याच आवाजाने दचकले.

तेव्हा विमावाले वर पोचले, पायरीवर बसले आणि हाताने पाण्याची खूण करते जाहले. बाईंनी पाणी दिले, रावांनी स्वहस्ते वारा घातला. तह तेथेच जाहला.

रविवारी गच्चीवर राव नाचले. बाईंची पावले वारंवार तुडविली गेली, बाईंनी गळ्यातली शिट्टी वाजवून ताल सुधारला, आणि ताई खुर्चीत हसून हसून लाल जाहली.

नाच सरता बाई म्हणाल्या, "राव, तुम्ही नुसते स्प्राय नाही, अगदी व्हायव्हेशस आहात."

राव म्हणाले, "बरं."

थोरला कोश माळ्यावर परत गेला. या दुसऱ्या शब्दाचा अर्थ रावांनी आजतागायत पाहिला नाही. किताब विनाचौकशी कबूल करून अंगी बाळगिला आहे. येणेप्रमाणे फत्ते नमूद केली असे.